गुरुकृपा कॉलनीची गाऱ्हाणी

"बघू" हा शब्द हौसरावांच्या घरात फार जुना होता. विहिरीवर नवी मोटार बसवायची का? बघू. बाळासोला वेगळं काढायचं का? बघू. त्यामुळं शिरूरला घर घ्यायचा विषय निघाल्यावर हौसराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, "बघू" म्हणाले, तेव्हा त्यांच्या मुलानं, सत्यजीतनं, फारशी आशा धरली नव्हती. पण या खेपेला ते खरोखरच बघायला निघाले. जीप काढली, पांढरा नेहरू शर्ट घातला, टोपीला कडक इस्त्री करवून घेतली आणि घरातल्या चौघांना बरोबर घेतलं. घर बघायला एकट्यानं जायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलगी बघायला जातो का कुणी एकटा?

घाई होती ती सत्यजीतच्या बायकोमुळं, सवितेमुळं. तिला पाचवा महिना लागला होता. शिरूरच्या शाळेत ती आठ वर्षं मराठी शिकवत होती, आणि खुटबावहून चौफुला, चौफुल्याहून न्हावरा, न्हावऱ्याहून शिरूर अशा यष्ट्या बदलत रोज जात-येत होती. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, एकतर खड्डे सोडा नाहीतर नोकरी सोडा. खड्डे काही तिच्या हातात नव्हते. शिरूरला भाड्यानं खोली घ्यावी, असं सत्यजीतनं एकदा चाचरत सुचवलं होतं. "हौसरावाची सून भाड्याच्या खोलीत? लोक काय म्हंतील?" एवढ्यावर तो विषय संपला. म्हणजे दिवाळीच्या आत घर झालं तर नोकरी राहणार, नाहीतर "या आमच्या सूनबाई, आधी मास्तरीण होत्या" एवढंच उरणार. सवितेला त्या "होत्या"ची धास्ती बसली होती.

जीप बाळासो चालवत होता. आबांचा हा धाकटा भाऊ. त्याच्या डोक्यात चौफुल्यावर खताचं दुकान टाकायचं होतं, आणि त्याच पैशात हे घर आडवं येत होतं.

"दादा, शिरूर म्हंजी शेवटी नगरच्या वाटंवरचं गाव. आपलं सगळं दौंडाकडं," न्हावरा मागं पडल्यावर तो म्हणाला. "तिथं आपल्याला वळखतं कोण?"

"मी पण तेच म्हंते," मागून आबांच्या पत्नी सोजराबाई बोलल्या. "शेजार बघून घर घ्यावं म्हंत्यात. मंग हाय तो शेजार का सोडायचा?"

सोजराबाईंचा खरा जीव अडकला होता तो सुनेत. सून गेली की त्या मोठ्या घरात त्या, आबा आणि आबांचा "बघू" एवढेच राहणार होते. पण असं बोलून दाखवायची त्या घरात रीत नव्हती.

"आई, शेजार मी बघून आलोय," सत्यजीत म्हणाला. त्याच्या मांडीवर शाळकरी पॅड होतं आणि पॅडला पेपरच्या रविवार पुरवणीतलं कात्रण लावलेलं होतं. 'घर घेण्यापूर्वी परिसर पारखा : एकवीस मुद्दे.' सणसवाडीच्या कंपनीत तो क्वालिटीला होता. तिथं दिवसभर तो तपासणीच्या यादीवर टिका करायचा, आणि टिक झाली की वस्तू चांगली, यावर त्याची श्रद्धा होती. गेल्या रविवारी एकटाच येऊन, दहा दारं वाजवून, त्यानं एकवीसच्या एकवीस टिका करून नेल्या होत्या. पाणी? भरपूर. गटार? बंदिस्त. डास? डास म्हणजे काय, अशा चेहऱ्यानं लोकांनी त्याच्याकडं पाहिलं होतं.

"एकवीस पैकी एकवीस?" सविता तेव्हाच म्हणाली होती. "माझ्या वर्गात असा पेपर आला तर मी शेजारच्या बाकावरचा पेपर तपासते."

गुरुकृपा कॉलनीच्या तोंडाशी एजंट संपत उभा होता. त्यानं आधी आबांना वाकून नमस्कार केला, मग टोपीला, मग जीपला.

"या आबा. पंधरा नंबर. कोपऱ्याचा रो हाऊस, पुढं अंगण, मागं मोरी. शेजारपाजार तर विचारूच नका."

"तेच इचारतोय," बाळासो स्टेअरिंगवरून न उतरताच म्हणाला. "वस्ती कुणाची हाय? आपली माणसं किती?"

"सगळी चांगली माणसं हायत, काका."

"चांगली असू द्या. आपली किती?"

संपतनं आभाळाकडं पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर गिऱ्हाईक बघून द्यायचं असतं आणि त्याला अजून गिऱ्हाईक पुरतं कळलं नव्हतं. शेवटी "किल्ली आणतो" म्हणून तो सटकला, तो पुन्हा दिसलाच नाही.

आबा खाली उतरले. त्यांनी टोपी नीट केली, धोतराचा सोगा उचलला आणि पहिल्याच फाटकापुढं उभे राहिले. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. त्यात त्यांचा काही डाव नव्हता. तीस वर्षांत परक्या फाटकापुढं दुसरं काही करायला ते शिकलेच नव्हते. सोसायटीच्या तीन निवडणुका, कारखान्याची एक, पंचायत समितीच्या दोन. त्यांच्या मागं पॅड घेतलेला मुलगा, त्यामागं डोक्यावर पदर घेतलेल्या दोन बायका, आणि धूळ उडवणारी जीप.

फाटकात गेणबा उभा होता. यष्टीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला माणूस. गेल्याच रविवारी त्यानं सत्यजीतला सांगितलं होतं की, आम्ही इथं टाकीसुद्धा बांधली नाही, गरजच काय? आज त्यानं सत्यजीतकडं पाहिलंही नाही. नगरपालिकेची निवडणूक फेब्रुवारीत होती, आणि उमेदवाराच्या मागं चालणाऱ्याचं तोंड कोण बघतो?

"आलात?" गेणबा म्हणाला. "पाच वर्सांनी वाट घावली म्हना की!"

आबा जरा चपापले. पण हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. "बोला, काय अडचण हाय?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"अडचण? चौथ्या दिवशी पानी येतंय. त्ये पन चाळीस मिन्टं. आन् कवा? दुपारी बारा वाजता, मान्सं कामावर गेल्यावर! खालच्या घरांना येतं, वरच्यांना निस्ती हवा. मीटर लावा म्हंजी हवंचं बिल तरी येईल!"

"अहो, आम्ही घर..." सत्यजीत पुढं सरसावला.

आबांनी मागं न बघता हात वर केला. त्या हातापुढं सत्यजीत लहानपणापासून गप्प बसत आला होता. "लिहून घे," आबा म्हणाले.

सत्यजीतनं कात्रणावरची 'पाणी' या चौथ्या मुद्द्याची टिक खोडली.

तिथून पुढं थांबणं आबांच्या हातात राहिलं नाही. बातमी फाटकाफाटकानं पुढं गेली की कुणीतरी वजनदार माणूस उभा राहतोय, जीप घेऊन आलाय, कारकून लिहून घेतोय. रतनबाईंनी तर हात धुवायचीही वाट पाहिली नाही, पिठाच्या हातानंच त्या रस्त्यात आल्या. बागेसाठी सोडलेल्या जागेत बिल्डरनं चार वर्षं विटा रचून ठेवल्या आहेत. गटार बंदिस्त आहे ते इतकं बंदिस्त आहे की पाणी आत जातच नाही. खांबावरचा दिवा दिवसा जळतो. डुकरं कुणाची आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, पण नाव घ्यायचं नाही, कारण तो यांच्याच पक्षाचा की त्यांच्या, ते नक्की नाही.

"आन् पंधरा नंबरात तर पावसाचं पानी दुसऱ्या पायरीपातूर येतं," रतनबाई म्हणाल्या. "कुणीतरी येडा सापडंल म्हनून मालक बसलाय."

सत्यजीतनं तीही टिक खोडली. पाचव्या घरापाशी एकवीसपैकी सहाच टिका उरल्या होत्या, आणि त्यातली एक 'सूर्यप्रकाश' होती. एक रविवार घालवून आपण एवढं खोटं गोळा करून नेलं, याचं त्याला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त, आता आपणच हे घर नको म्हणायचं, मग सवितेला काय तोंड दाखवायचं, याचं.

सोजराबाई मात्र घरांकडं बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याकडं बघत होत्या. पंचायत समितीला पडल्यापासून दोन वर्षं या माणसाच्या ओट्यावर कुणी फिरकलं नव्हतं. सकाळी टोपी घालून ते ओट्यावर बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला स्वतः हाक मारून विचारायचे, "काय रं, काय अडचण न्हाई ना?" लोक म्हणायचे, "न्हाई, बरं चाललंय." ते ऐकलं की ह्यांचं जेवण कमी व्हायचं. आज इथं परक्या गावात भर उन्हात लोक त्यांच्यावर ओरडत होते आणि त्यांची मान ताठ झाली होती. सोजराबाईंना हसू आलं, आणि खरं सांगायचं तर भरूनही आलं.

बाळासोचंही लक्ष गेलं होतं. भाऊ असा खुलला की त्याचा अर्थ काय, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? दादाचं मन शिरूरला लागलं तर खुटबाव मोकळं. सोसायटी मोकळी. ओटासुद्धा मोकळा. खताच्या दुकानाचं काय, आज नाही तर उद्या निघेल. तो जीपमधून उतरला आणि जाहीरपणे म्हणाला, "दादा, जागा काय वाईट न्हाई बरं का."

पंधरा नंबरच्या समोरचं घर गौतमीचं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी करून आलेली, केस अजून ओले. सगळी कॉलनी तिला शिष्टर म्हणायची. "उन्हात कशाला, आत या," ती म्हणाली. दिवाणखान्यात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो होता. ते पाहून बाळासोचा पाय उंबऱ्यापाशी अडखळला. आबांचा नाही. आबा सरळ आत जाऊन खुर्चीत बसले आणि चहा म्हटल्यावर "साखर जरा जास्त" म्हणाले. माणूस मतदार असला की आबांना त्याची जात फक्त बेरजेपुरती लागायची.

सवितेला हे सगळं दिसत होतं आणि लाज वाटत होती. बाळासो कप हातात घेऊन तो तोंडाला न लावता बसला होता, ते गौतमीलाही दिसत असणार.

"पक्ष कुठला तुमचा?" गौतमीनं विचारलं.

आता मात्र सवितेला राहवलं नाही. "ताई, आम्ही मतं मागायला नाही आलो. समोरचं घर बघायला आलोय."

गौतमीनं पॅडकडं पाहिलं, मग सत्यजीतकडं, आणि ती मोठ्यानं हसली. "अरे देवा! गेल्या रविवारचे पाहुणे! तुम्ही मला विचारलं होतं, शेजार कसा आहे म्हणून. आता मी काय सांगणार? शेजार मीच!"

"पाणी भरपूर आहे, असंही म्हणालात," सत्यजीत तोंड पाडून म्हणाला.

"म्हणाले. कॉलनीतली निम्मी घरं विकायची आहेत. गिऱ्हाइकाला खरं सांगितलं तर रतनबाई मला जिवंत ठेवतील का? खरं सांगायचं ते उमेदवाराला. तो काही करत नाही, पण ऐकतो तरी." मग ती सवितेकडं वळली आणि तिचा आवाज बदलला. "कितवा महिना?"

"पाचवा. न्हावऱ्यावरून येते रोज."

"त्या रस्त्यानं?" गौतमीनं तिच्या पाठीशी उशी सरकवली. सवितेला वाटलं, सकाळपासून एवढी माणसं भेटली, त्यात आपल्याला काही विचारणारी ही एकटीच.

सत्यजीतनं पॅड मांडीवर ठेवलं. "आबा, माझं चुकलं. हे घर घेण्यात अर्थ नाही. पाणी चौथ्या दिवशी, गटार तुंबलेलं, पावसात..."

"घर घ्यायचं," आबा म्हणाले.

हौसरावांच्या घरात "बघू"च्या पुढचा शब्द ऐकायची कुणाला सवय नव्हती.

"पण आबा, पाणी..."

"आरं, पाणी रोज आल्यावर मला इचारणार कोण?" आबा सरसावून बसले. "ह्या लोकास्नी माणूस पायजे. मी इथं ऱ्हायला येतो, यादीत नाव चढवतो आन् उभा ऱ्हातो. फेब्रुवारीपातूर पाणी आणून दावतो."

"एकदम बराबर," बाळासो म्हणाला आणि आनंदाच्या भरात त्यानं चहाचा घोट घेऊन टाकला. "गावाचं मी बघतो."

सवितेला कळेना हसावं की काय करावं. घर मिळत होतं. चौथ्या दिवशी पाणी असलं तरी पिंप भरून ठेवता येतं. जाऊन-येऊन पाच तासांचा रस्ता पिंपात भरून ठेवता येत नाही. घरात आबांचा दरबार भरेल, तर भरू दे. शाळा सात मिनिटांवर होती. तिनं मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले.

"तुम्ही उभे राहणार?" गौतमीनं सावकाश विचारलं. "आपला वॉर्ड महिलांना राखीव निघालाय. परवाच सोडत झाली."

आबांची बशी खाली गेली. मग त्यांनी बायकोकडं पाहिलं. पंचाण्णव साली गावचं सरपंचपद राखीव झालं तेव्हाही असंच पाहिलं होतं.

"माझ्याकडं बघू नगा," सोजराबाई म्हणाल्या. "पाच वर्सं सह्या केल्या, तेवढ्या पुरं."

आबांची नजर पुढं सरकली ती सवितेवर थांबली. "सविता उभी ऱ्हाईल. शिकल्याली हाय, चार शब्द बोलती. पोरं हितलीच शिकवती, म्हंजी घराघरात वळख."

"आबा, नोकरीत असताना मला उभं राहता येणार नाही."

"मंग सोडायची नोकरी."

इतक्या सहज म्हणाले ते, की सत्यजीतला आधी कळलंच नाही. "पण आबा, घर घ्यायचं ते नोकरीसाठीच ना?"

"घर कशासाठी घ्यायचं ते घेणारा ठरवील. उभी ऱ्हात आसंल तर उद्या इसार देतो. न्हाईतर चला माघारी."

सत्यजीत पॅडकडं बघू लागला. त्यात या मुद्द्याला जागा नव्हती. बाळासो म्हणाला, "सूनबाई, मास्तरीण काय कुणीबी हुतं. नगरशेविका व्हायला नशीब लागतं." सवितेचे डोळे भरून आले. परक्या घरात, परक्या बाईपुढं रडायचं नाही असं ठरवूनही आवाज फुटलाच.

"आठ वर्षं तीन यष्ट्या बदलल्या मी. एक दिवस उशिरा गेले नाही. घरात कुणी कधी विचारलं नाही, कशी जातेस म्हणून. आज विचारलंत ते कशासाठी? सोड म्हणायला? मला नको हे घर. मी जाईन तशीच न्हावऱ्यावरून. जे होईल ते होईल."

बाहेर रतनबाई कुणाला तरी सांगत होत्या की आत बैठक चालू आहे.

"मी उभी ऱ्हाते," सोजराबाई म्हणाल्या.

आबांचा चेहरा उजळला. "बघ! आता कसं! अगं मी हायच की..."

"न्हाई. तुमी न्हाई." सोजराबाईंनी पदर सारखा केला. "मी समुरच्या घरात ऱ्हाणार, सवितासंग. तिचं बाळातपण मी करीन, ती शाळंत जाईल. तुमी खुटबावला. कामं मी बघीन."

"आन् मला भाकरी कोण घालंल?"

"बाळासो भावजी हायत की. आत्ताच म्हनले, गावाचं मी बघतो."

बाळासोला ठसका लागला. "वहिनी, ह्या वयात राजकारण? लोक काय म्हंतील? दादा, मला तर ही जागाच पसंत न्हाई..."

"तुला जमंल व्हय?" आबांनी विचारलं. त्यात राग कमी आणि भीती जास्त होती.

"मागल्या खेपंला तुमी कागद चुलीपाशी आणायचा. माझ्या हाताला पीठ. तुमी म्हनायचा, हितं कर सही. वरच्या आळीची हीर माझ्या सहीनं खोदली. तिला पाणी लागलं न्हाई. मला ठावं हुतं तिथं लागणार न्हाई, सगळ्या बाया म्हनत हुत्या. पर इचारलं कुणी?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्या थांबतही नव्हत्या. "आजबी पाच घरं हिंडलात. गाऱ्हाणं बायांनी सांगितलं, मान तुमी हलवली. पाणी बारा वाजता येतं त्ये भरतं कोण? मला जमंल का म्हनं! शिष्टर, तुमी मला मत द्याल का?"

"आधी पाण्याचं काय करणार ते सांगा," गौतमी म्हणाली. "मग बघू."

सोजराबाई हसल्या. "ही खरी शेजारीण. घर पसंत हाय."

आबांनी टोपी काढून हातात घेतली. उभं राहायचं तर बायको पाहिजे, बायको पाहिजे तर तिचं ऐकायला पाहिजे, आणि सगळं सोडून माघारी जायचं तर पुन्हा तो रिकामा ओटा. त्यांनी तीन वेळा हिशेब मांडला, तिन्ही वेळा तो तसाच आला. "उद्या इसार देऊ," ते शेवटी म्हणाले. सवितेनं सासूचा हात धरला आणि घट्ट धरून ठेवला. आठ वर्षांत तिनं तो असा कधी धरला नव्हता.

बाहेर पडले तर फाटकात गेणबा वहीचा कागद घेऊन उभा. मागं कॉलनीतली दहा-बारा माणसं. "साहेब, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पान्याचं लिहिलंय, गटाराचं लिहिलंय. तुमीच आता..."

आबांचा हात सवयीनं पुढं गेला. कागदाला बोटं लागलीसुद्धा. मग त्यांनी मागं पाहिलं. सोजराबाई पायरीवर उभ्या होत्या, हात पुढं न करता.

"माझ्याकडं न्हाई," आबा म्हणाले, आणि हे शब्द तोंडातून काढताना त्यांना फार कष्ट पडले. "बाईंकडं द्या."

गेणबा कागद घेऊन गोंधळून उभा राहिला. कोणत्या बाई, ते त्याला कळेना.